म्हाळातला खेळ

गणपती गेले की माटवीची कवंडळं सुकायच्या आत
चाकरमान्यांच्या गाड्या घाट चढून जातात.
भात पोटरीला आलेलं असतं.
ज्याच्या त्याच्या तिथीप्रमाणे घराघरातून
काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास येतो,
आणि मी पोटमाळ्यावरून खोका उतरवतो.

"ह्या दिवसांत घरात भुतां कशाक हाडतास?"
बायको दरवर्षी विचारते.
मी म्हणतो, हिची तिथीसुद्धा हीच.

बावीस वर्षं झाली.
मुनाफच्या मामूने कुवेतहून आणलेलं यंत्र,
एकच डिस्क, तिच्यावर नखाएवढा ओरखडा,
टूथपेस्ट लावून पुसला की चालते.
सगळं जपानीत.
बेटावरचा दवाखाना, लांबच लांब व्हरांडा,
आणि टोकाला पाठमोरी, पांढऱ्या टोपीतली बाई.
आम्ही तिचं नाव ठेवलं वत्सला सिस्टर,
शाळेत सुई टोचायला यायची तिच्यावरून.
गोष्ट कळणं शक्यच नव्हतं, म्हणून रचली.
मी म्हणायचो, हिचा नवरा तारवावरून परतला नाही.
मुनाफ म्हणायचा, नाही रे,
ड्युटी संपली हे हिला कुणी सांगितलंच नाही.

आता सगळं पाठ आहे.
तिसऱ्या दारामागे कपाट कोसळतं.
नळ टपटपला की सात मोजायचे, मग डावीकडे पळायचं.
अठ्ठावीस मिनिटांत मी बाहेर, एकदाही न सापडता.
भीती त्यातून कधी निघून गेली, कळलं नाही;
अंधारात साकवावर पाय आपोआप पडतो
तसं काहीतरी उरलं.
(देवचाराच्या वळणावर मात्र
मी अजून हॉर्न वाजवतो.)
आणि खरी भीती आली त्या दिवशी
कुठलाच नळ टपटपला नव्हता.
मी दूध आणायला निघालो होतो, फोन वाजला.

यंदा सर्वपित्रीला लाइट गेली ती साडेआठला आली.
डबा टीव्ही तापेपर्यंत दुर्वा शेजारी येऊन बसली,
दहा वर्षांची, हातात तवसाच्या फोडी.
"माका दी."
दिला रिमोट.
निम्म्या व्हरांड्यात
तिने तो मांडीवर ठेवला आणि फोडीला मीठ लावू लागली.
नळ टपटपला.
सात झाले. आठ.
"पळ गो!" मी ओरडलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा.
"रव रे पप्पा. बघूया तरी कोण आसा ती."

सिस्टर वळली.
आली, आली, पडदाभर झाली.
डोळ्यांखाली काळी वर्तुळं.
टोपीची एक पिन निसटलेली.
हनुवटीवर तीळ.

कुठेतरी कुणीतरी रात्र जागून
तो तीळ काढला असणार,
जे सापडतील त्यांच्यासाठी.
मला ठाऊकच नव्हतं.
मी फार चांगला पळत होतो.

मुनाफ सलालाच्या बंदरात क्रेन चालवतो.
त्याला लिहिलं: तिच्या हनुवटीवर तीळ आहे.
बराच वेळ काही नाही.
कंटेनर उतरवत असेल.
मग उत्तर आलं:
माहित्ये. पहिल्या वर्षी मीच मरायचो ना सारखा.
तू रिमोट काढून घेतलास हातातून.

मी फोन उलटा ठेवला.
खाली जेटीवर कुणीतरी इंजिन सुरू करून बघत होतं,
दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं.
दुर्वा पुन्हा व्हरांड्यात जाऊन उभी राहिली,
मुद्दाम, हात मोकळे सोडून.

"गेली काय ती?"
स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"नाय गे आये," दुर्वा म्हणाली,
पडद्यावरची नजर न काढता.
"हयच आसा. दमलली दिसता."